भिंतीला तडा, जमिनीला स्प्रिंगा

मुलांनो,

आजच्या पानाची सुरुवात मी माझ्या एका चुकीनं करणार आहे. बाईंची चूक म्हटल्यावर तुम्ही कान टवकारून वाचणार, हे मला ठाऊक आहे!

माझी शाळा मराठवाड्यातल्या काळ्या मातीच्या एका गावात आहे. चार जुन्या खोल्या आणि एक त्या मानानं नवी. नव्या खोलीत चौथीचा वर्ग बसतो. या खोलीच्या कोपऱ्यात, खिडकीपासून वर छताकडे भिंतीला एक तिरपा तडा गेलेला होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत गवंडी यायचा, तड्यात सिमेंट भरायचा, वरून रंगाचा हात मारायचा. पुढच्या वर्षी तडा पुन्हा हजर!

चौथीतल्या एका मुलीनं (तिचं नाव छापायचं नाही, असं तिनंच मला बजावलंय) या तड्याशी जणू मैत्रीच केली. ज्या वर्षाची गोष्ट सांगतेय, त्या वर्षी गवंडी काही आला नव्हता. जूनमध्ये शाळा उघडली, अजून पाऊस लागला नव्हता. तडा वर जिथं संपत होता, तिथं तिनं बाकावर चढून पेन्सिलीनं आडवी रेघ मारली आणि शेजारी तारीख लिहिली. मग दर पंधरा दिवसांनी ती तड्यात काहीतरी घालून बघायची आणि वहीत नोंद करायची. जूनमध्ये वहीचा पुठ्ठा तड्यात सहज जात होता. ऑगस्टमध्ये साधा कागदही जाईना. फेब्रुवारीत पोस्टकार्ड जायला लागलं. मार्चमध्ये पुन्हा पुठ्ठा आत!

एक दिवस तिनं वर्गात उभं राहून विचारलं, "बाई, भिंत हलतीय की भिंतीखालची जमीन?"

मी झटकन म्हणून गेले, "अगं, जमीन कशी हलेल? भूकंप थोडाच झालाय! सिमेंट खराब असेल."

सगळा वर्ग हसला. ती खाली बसली. पुढचे दोन दिवस तिनं वहीत काहीच लिहिलं नाही.

हीच ती चूक. कारण त्या पोरीचं बरोबर होतं. जमीन खरोखरच हलत होती.

मग मी वाचायला लागले, माहीतगार माणसांना विचारायला लागले. त्यातून जे कळलं, ते आज तुमच्यापुढे मांडते. मजा आहे, पाहा हं!

आपण म्हणतो, 'पाय जमिनीवर घट्ट रोवून उभा राहा.' जमिनीइतकं घट्ट दुसरं काही नाही, असं आपण धरूनच चालतो. पण ओल्या अंगणात पाण्यानं भरलेला रांजण ठेवून बघा. दुसऱ्या दिवशी तो थोडा रुतलेला दिसेल, आणि एका बाजूची माती जास्त भुसभुशीत असेल, तर तिकडे कललेलाही दिसेल. प्रत्येक जमीन वजन पडलं की दबते. मऊ चिकणमाती बरीच दबते, घट्ट वाळू थोडी दबते, मुरूम आणखी थोडा. कातळसुद्धा दबतो, फक्त इतका कमी की डोळ्यांना दिसत नाही. रांजणाचं वजन ते किती! आणि दोन मजली घराचं किती! मग घर बांधणाऱ्या इंजिनिअरला आधीच कसं कळणार, की जमीन कुठं किती दबेल? घर बांधून बघायचं आणि चुकलं तर पाडायचं, असं थोडंच चालतं?

इथं कामाला येते ती 'प्रतिकृती'. तुम्ही भातुकली खेळता ना? त्या इवल्याशा चुलीवर भात शिजत नाही, पण कोणतं भांडं आधी, कोणतं नंतर, पाहुण्यांना कुठं बसवायचं, हे सगळं त्यात खरं असतं. नको ते सोडून द्यायचं आणि हवं तेवढंच ठेवायचं. शास्त्रज्ञांची प्रतिकृती अशीच असते. फरक इतकाच, की ती बहुतेक वेळा कागदावर, आकड्यांची असते.

एमिल विंक्लर नावाचे एक इंजिनिअर होते. १८६७ साली प्राग शहरात त्यांचं एक पुस्तक छापलं गेलं. त्या काळात युरोपभर रेल्वेचे रूळ पसरत होते. डबे धडधडत गेले की रूळ किंचित खाली वाकतात आणि पुन्हा वर येतात. हे वाकणं मोजायचं कसं? रुळांखाली खडी, खडीखाली माती, मातीत कुठं दगड तर कुठं ओल. एवढी सगळी भानगड गणितात कशी मांडायची? विंक्लरांनी एक साधा नियम धरला : जमिनीवर एखाद्या ठिकाणी जेवढा दाब, त्या प्रमाणात ती त्या ठिकाणी दबणार. दुप्पट दाब, दुप्पट दबणं.

असं कोण वागतं? बरोबर! स्प्रिंग! म्हणजे जमीन काढून टाका आणि तिच्या जागी जवळजवळ उभ्या केलेल्या असंख्य स्प्रिंगा आहेत, असं समजा. घर उभं आहे ते या स्प्रिंगांवर. जमीन घट्ट असेल तर स्प्रिंगा ताठ, जमीन मऊ असेल तर स्प्रिंगा लेच्यापेच्या. दीडशेहून जास्त वर्षं झाली, पण ही कल्पना इंजिनिअर आजही वापरतात.

चला, आपणही आपली जमीन तयार करू या.

साहित्य : बिघडलेल्या बॉलपेनांमधल्या सारख्या उंचीच्या दहा स्प्रिंगा, थर्मोकोलची लांब पट्टी, विझलेल्या उदबत्त्यांच्या काड्या, ३० सेंटिमीटरची लाकडी पट्टी आणि तेवढीच लांब जुन्या पोस्टकार्डांची, टोकाला टोक चिकटवून केलेली पट्टी.

कृती : काड्यांचे छोटे तुकडे करून ते थर्मोकोलमध्ये एका रांगेत, तीन-तीन सेंटिमीटर अंतरावर खोचा. प्रत्येक तुकडा थर्मोकोलच्या वर एक सेंटिमीटर राहिला पाहिजे. त्यावर एकेक स्प्रिंग बसवा. म्हणजे स्प्रिंग पडणार नाही. झाली जमीन!

आता स्प्रिंगांवर पोस्टकार्डाची पट्टी ठेवा आणि मधोमध बोटानं हळूच दाबा. काय होतं? बोटाखाली खड्डा पडतो. त्या दोन-तीन स्प्रिंगा दबतात, टोकाकडच्यांना पत्ताच नसतो. आता कागद काढून लाकडी पट्टी ठेवा आणि तेवढ्याच जोरानं दाबा. या वेळी सगळ्याच स्प्रिंगा थोड्या थोड्या दबतात. एकीवरचं ओझं दहाजणींनी वाटून घेतलं! ताठ पाया वजन वाटतो आणि लवचिक पाया वजन जिथल्या तिथं टाकतो. म्हणूनच मऊ जमिनीवर काही इमारतींच्या खाली सबंध एकच जाड काँक्रीटचा थर देतात. स्लॅब असतो ना घरावर? तसाच, पण घराच्या खाली.

प्रयोग संपला नाही, बरं का. आता उजव्या अर्ध्या भागातली एकाआड एक स्प्रिंग काढून टाका. लाकडी पट्टी पुन्हा ठेवा आणि अगदी मधोमध दाबा. पट्टी उजवीकडे कलली! तुम्ही तर मध्येच दाबलं होतं. पट्टी तीच, बोट तेच. तरी कलली, कारण खालची जमीन दोन्हीकडे सारखी राहिली नाही.

मोठ्या मुलांसाठी इथं थोडं गणित. समजा, एका खांबाखाली १ चौरस मीटरचा पाया आहे आणि त्यावर २० टन वजन आहे. त्या जागची जमीन अशी, की २० टनांना १ सेंटिमीटर दबते. आता त्याच घराचा दुसरा खांब, त्याच्यावरही २० टन, पण तिथली जमीन मऊ आहे. ती ५ टनांनाच १ सेंटिमीटर दबते. मग दुसरा खांब किती खाली जाईल? ४ सेंटिमीटर. दोन्ही खांब ४-४ सेंटिमीटर खाली गेले असते, तर घर सबंधच्या सबंध थोडं खाली बसलं असतं, दाराची पायरी जरा ठेंगणी झाली असती, एवढंच. पण एक खांब १ सेंटिमीटर आणि दुसरा ४ सेंटिमीटर गेला, की मधल्या भिंतीची ओढाताण होते. लांबीच्या तीनशेव्या भागाएवढा, म्हणजे ३ मीटरमध्ये १ सेंटिमीटर एवढा फरक पडला, की भिंतीला तडे दिसायला लागतात, असा इंजिनिअरांचा अनुभव आहे. खाली जाणं वाईट नाही. कमीजास्त खाली जाणं वाईट.

कलण्याचं जगातलं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण तुम्ही चित्रात पाहिलेलं आहे. इटलीतला पिसाचा मनोरा! त्याचं बांधकाम ११७३ साली सुरू झालं. पाचएक वर्षांत तीन मजले चढले आणि काम थांबलं ते जवळजवळ शंभर वर्षं. नंतर पुन्हा सुरू, पुन्हा बंद, असं करत चौदाव्या शतकात तो पुरा झाला. मनोऱ्याचं वजन सुमारे साडेचौदा हजार टन, आणि खाली मऊ चिकणमाती. तो दक्षिणेकडे कलत गेला, कलत गेला, आणि १९९० साली पाहुण्यांना आत सोडणं बंद करावं लागलं.

मग तो सावरला कसा? दोर लावून ओढला नाही हं! आधी उत्तरेच्या बाजूला पायावर शिशाचे शेकडो टन ठोकळे ठेवले. मग उत्तरेकडच्या पायाखालची माती तिरप्या नळ्यांमधून थोडी थोडी, अगदी चिमटीनं काढावी तशी काढली. उत्तरेची बाजू हळूहळू खाली बसली आणि मनोरा जरासा सरळ झाला. त्याचं वरचं टोक जवळजवळ अर्धा मीटर मागे आलं. डिसेंबर २००१ मध्ये मनोरा पुन्हा खुला झाला. पण माती काढण्याआधी काय केलं असेल? लंडनचे प्राध्यापक जॉन बरलंड आणि त्यांचे सहकारी यांनी संगणकात मनोऱ्याखालच्या जमिनीची प्रतिकृती केली आणि मनोऱ्याचा शेकडो वर्षांचा कलण्याचा इतिहास त्या प्रतिकृतीत घडवून पाहिला. जुना इतिहास बरोबर जुळला, तेव्हा पुढं काय होईल हे विचारायची हिंमत झाली. आठशे वर्षांच्या मनोऱ्यावर 'करून तर पाहू' चालत नाही!

आता एक शंका. जमीन खरोखर स्प्रिंगांसारखी असते का? तर नाही! माझ्या वर्गातल्या मुलांनीच हे ओळखलं. एकानं सांगितलं, "बाई, आमच्या आजोबांच्या बाजेवर मी कडेला बसलो आणि आजोबा मध्ये बसले, तर मी घसरत त्यांच्याकडेच जातो."

किती छान उदाहरण! बाजेची सुंभाची दोरी एकमेकींत विणलेली असते. एक दोरी खाली गेली, की ती शेजारणीला ओढते. माती तशीच असते. एका ठिकाणी दाबली, की आजूबाजूची जमीनही थोडी खाली येते. आणि विंक्लरांच्या स्प्रिंगा? त्या शेजाऱ्याशी बोलतच नाहीत. शेजारीण चेपली गेली तरी आपली जागच्या जागी उभी! म्हणून एका मोठ्या लवचिक पायावर सगळीकडे सारखं वजन ठेवलं, तर स्प्रिंगांचं गणित सांगतं की पाया सगळीकडे सारखाच दबेल. खरी जमीन मात्र मध्ये जास्त आणि कडेला कमी दबते, ताटलीसारखी. पुढच्या शास्त्रज्ञांनी ही उणीव भरून काढायला वेगवेगळ्या युक्त्या केल्या. पास्तरनाक या रशियन इंजिनिअरनी १९५४ साली स्प्रिंगांच्या डोक्यांवर त्यांना एकमेकींशी जोडणारा एक थर कल्पिला. म्हणजे स्प्रिंगांवर जणू बाज विणली!

दुसरी उणीव अशी. स्प्रिंगेचा ताठपणा मोजायला जागेवर एक जाड लोखंडी चौकोनी पत्रा ठेवतात, समजा ३० सेंटिमीटरचा. त्यावर जॅकनं वजन देतात आणि तो किती खाली जातो ते बघतात. पण छोट्या पत्र्याचा दाब फार खोल जात नाही. चौकोनी पायाच्या रुंदीच्या साधारण दुप्पट खोलीवर तो दहाव्या भागाएवढा उरतो. पत्र्याला वरची साठेक सेंटिमीटर जमीन कळते. दहा मीटर रुंद इमारतीचा दाब मात्र वीस मीटर खोल पोचतो! वर घट्ट मुरूम आणि खाली मऊ चिखल असला, तर पत्रा म्हणणार 'उत्तम' आणि इमारत म्हणणार 'बुडाले!' म्हणून खोल भोकं पाडून खालची माती वर काढून तपासावी लागते.

तिसरी उणीव वेळेची. चिकणमातीच्या बारीक फटींत पाणी असतं. वजन पडलं, की आधी ते पाणीच वजन अंगावर घेतं. मग ते हळूहळू झिरपून जातं, आणि तेव्हा कुठं माती दबते. याला कधी महिने लागतात, कधी वर्षं. ही गोष्ट कार्ल तेर्झागी यांनी उलगडली. १९२५ साली त्यांचं मातीच्या शास्त्रावरचं पुस्तक आलं, आणि या शास्त्राचे जनक म्हणून त्यांना ओळखतात. त्यांची कल्पना घरी करून पाहता येते. एक नवी, सुई नसलेली इंजेक्शनची पिचकारी घ्या. आत स्पंजाचा तुकडा घाला, पाणी भरा आणि हवा घालवून टाका. आता तोंडावर बोट घट्ट धरून दट्ट्या दाबा. जरासुद्धा हलत नाही! बोट अगदी किंचित सैल करा. पाणी ठिबकतं, आणि दट्ट्या सावकाश खाली जातो. स्पंज म्हणजे माती, पाणी म्हणजे मातीतलं पाणी, दट्ट्या म्हणजे इमारत. आता आठवा, पिसाचं काम शंभर वर्षं बंद होतं. त्या काळात खालच्या मातीतलं पाणी निघून गेलं आणि माती घट्ट झाली. सगळे मजले एका दमात चढवले असते, तर मनोरा तेव्हाच कोसळला असता, असं जाणकार म्हणतात. कामातली खोळंबाही कधी कधी उपयोगी पडते!

जमिनीचा मऊपणा भूकंपातही फार महत्त्वाचा ठरतो. १९ सप्टेंबर १९८५ ला मेक्सिकोच्या समुद्रकिनाऱ्याजवळ मोठा भूकंप झाला. मेक्सिको सिटी तिथून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास दूर. पण हे शहर एका जुन्या तळ्याच्या मऊ चिकणमातीवर वसलेलं आहे. ती माती दर दोन सेकंदांना एक असे झोके घेऊ लागली. झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का दिला की तो उंच जातो ना? साधारण सहा ते पंधरा मजल्यांच्या इमारतींचा झोका या तालाशी जुळला, आणि त्यांतल्या कितीतरी पडल्या. हजारो माणसं गेली. खालची जमीन लवचिक असली, की इमारतीचा झोकाही आणखी संथ होतो. म्हणून भूकंपाचं गणित करताना इमारतीखालच्या स्प्रिंगाही धरतात.

आता चला परत आमच्या चौथीच्या खोलीत.

हे सगळं वाचल्यावर मी त्या मुलीची वही मागून घेतली आणि मुख्याध्यापकांना दाखवली. त्यांनी अर्जासोबत तिच्या नोंदी जोडल्या. आमच्या भागात १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाची आठवण अजून पुसलेली नाही. भिंतीला तडा म्हटलं, की मोठी माणसं आजही दचकतात. काही पालक म्हणाले, "पोरांना शाळेत पाठवायचं की नाही?" तोवर आम्ही त्या कोपऱ्यातले बाक उचलले आणि वर्ग व्हरांड्यात आणला.

थोड्या दिवसांनी तालुक्याहून इंजिनिअर आले. त्यांनी भिंतीकडे आधी पाहिलंच नाही, वही वाचली! मग म्हणाले, "तडा उन्हाळ्यात उघडतो आणि पावसाळ्यात मिटतो, ही नोंद कुणी केली? अर्धं काम झालं की हो!"

भिंतीलगत खड्डा खणला. पाया जेमतेम अडीच फुटांवर, सगळा काळ्या मातीत. मुरूम लागला तो सात फुटांवर. इंजिनिअर मुलांना म्हणाले, "आम्ही पायाखाली स्प्रिंगा धरतो. पण तुमच्या गावच्या स्प्रिंगा अवलिया आहेत! वजन पडलं नाही, तरी त्या स्वतःच लहानमोठ्या होतात. पाणी प्यायल्या की लांबतात, तहानल्या की आखडतात."

काळी माती तुम्ही पाहिली असेल. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसात फुगून सगळ्या भेगा मिटतात. खोलीच्या एका कोपऱ्याजवळ पिण्याच्या पाण्याचा नळ होता. त्याचं सांडलेलं पाणी तिथंच मुरायचं, म्हणून तिथली माती बारा महिने ओली, फुगलेली. बाकीच्या भिंतीखालची माती उन्हाळ्यात सुकायची, आखडायची आणि भिंतीला घेऊन खाली जायची. एक टोक वर, एक टोक खाली! मध्ये तडा. पाऊस आला की सगळं पुन्हा सारखं. तडा मिटला!

आणि उन्हाळ्यात सिमेंट भरणं? ते तर उलटंच होत होतं. उघडलेला तडा सिमेंटनं गच्च भरला, की पावसाळ्यात भिंतीला मिटायला जागाच उरत नाही. मग ती दुसरीकडे फुटते. दाराजवळचा तो बारीक तडा कुठून आला, याचंही उत्तर मिळालं.

अशा जमिनीत घर बांधताना पाया ओलसुकीच्या थराखाली, मुरमापर्यंत न्यावा लागतो. किंवा रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं पुढं आणलेले खास खांब वापरतात. ते जमिनीत खोलवर, साधारण साडेतीन मीटर किंवा त्याहून खाली जातात, आणि तळाशी त्यांना कांद्यासारखा फुगवटा असतो. वरची माती कितीही फुगो, आखडो, कांदा खाली घट्ट धरून राहतो.

आमची खोली तर बांधून झालेली होती. तिच्यासाठी इंजिनिअरांनी सांगितलं : नळ लांब हलवा, पाणी गटारातून दूर न्या, खोलीभोवती काँक्रीटचा रुंद पट्टा करा, म्हणजे भिंतीखालची ओल वर्षभर सारखी राहील. आणि तड्यावर लक्ष ठेवा. हे सगळं व्हायला एक वर्ष गेलं. तोवर व्हरांड्यातच शाळा. उन्हं आली की आम्ही सरकायचो, पाऊस आला की आणखी सरकायचो.

तडा गेला का? नाही, पूर्ण गेला नाही. पण पुढच्या मार्चमध्ये पुठ्ठा आत जाईना, फक्त कागद गेला. आता नवे चौथीवाले नोंदी करतात. वही तीच आहे.

आणि माझं काय? एका सोमवारी मी वर्गासमोर उभी राहून म्हणाले, "त्या दिवशी मी चुकीचं सांगितलं. जमीन हलत होती. हिचं बरोबर होतं." वर्गात एकदम शांतता! मग ती मुलगी उठली आणि म्हणाली, "बाई, थोडं तुमचंही बरोबर होतं. भूकंप नव्हताच."

मुलांनो, तुमच्या घराच्या, शाळेच्या भिंतीला तडा असेल, तर घाबरू नका आणि दुर्लक्षही करू नका. दोन्ही टोकांना पेन्सिलीची रेघ मारा, तारीख लिहा, दर पंधरा दिवसांनी बघा. ओल कुठं आहे, नळ कुठं आहे, मोठं झाड किती जवळ आहे, तेही लिहा. उंचावर चढायचं असेल, तर मोठ्या माणसाला सोबत घ्या. आणि तुमच्या बॉलपेनच्या स्प्रिंगांची जमीन कशी झाली, ते मला पत्रानं नक्की कळवा.

पालकांसाठी दोन शब्द : केसाएवढा बारीक तडा बहुतेक वेळा गिलाव्याचा असतो. पण तिरपा तडा, वाढत जाणारा तडा, किंवा ज्याच्यामुळे दारं-खिडक्या अडकायला लागतात असा तडा दिसला, तर नुसतं सिमेंट भरून घेऊ नका. जाणत्या इंजिनिअरला दाखवा. आणि मूल काही विचारत असेल, तर "असं कसं होईल?" म्हणण्याआधी त्याची वही एकदा बघा. मी बघितली नव्हती.

तुमच्या,
बाई